नाणं सापडलं कुठे?

सालेकसा तालुक्यातल्या गावांत जुनं नाणं दाखवा म्हटलं की बहुतेक घरांतून कलदार रुपयाच निघतो. राणी छाप, नाहीतर राजा छाप. अनेकदा त्याला कडी डाकलेली असते, कारण तो कधीकाळी आजीच्या गळ्यातल्या हमेलीत ओवलेला होता. 1835 नंतरच्या या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. बाजारात तो वितळवण्याच्या भावापेक्षा थोडा जास्त जातो, कडी असेल तर कमी. नाणी जमवण्याचं वेड बहुतेकांना इथूनच लागतं, आणि पुष्कळांचं इथेच थांबतं. राणीच्या रुपयाला पावणेदोनशे वर्षं झाली म्हणजे तो फार जुना, असा आपला समज. पण हाच मुलूख त्याच्या दोन हजार वर्षं आधी नाणी वापरत होता.

चिचगडच्या डोंगरांतून निघणारी वाघ नदी या भागातून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. त्याच वैनगंगेच्या काठाने खाली गेलं की भंडारा जिल्ह्यातली पवनी लागते. मातीच्या तटबंदीचं आणि खंदकाचं हे प्राचीन नगर. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. मुचलिंद नागाचं शिल्प निघालं. त्यांच्या सोबतीला नाणीही निघाली. चांदीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची, तांब्याची, पुढे सातवाहनांची. पवनीला उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून वाटा येत होत्या, हे नुसत्या स्तूपावरून कळलं नसतं. ते कळायला नाणी लागली, आणि ती मातीच्या कोणत्या थरात पडली होती हेही लागलं.

हे वेडेवाकडे चांदीचे तुकडे म्हणजे आहत नाणी, भारतातलं सर्वांत जुनं नाणं. एखादं हातात घेतलं तर पहिल्यांदा फसल्यासारखं होतं. ना राजा, ना अक्षर, ना गोल आकार. चांदीच्या पत्र्याची पट्टी कापायची, पट्टीचे तुकडे पाडायचे, तुकडा तोलायचा आणि जास्त भरला तर एखादा कोपरा छाटायचा. तो छाटलेला कोपरा आजही स्पष्ट दिसतो, आणि नाणं अस्सल आहे की नाही हे बघताना नजर आधी तिकडेच जाते. नंतर त्यावर एकेक ठसा वेगळा मारायचा. मगध आणि मौर्य काळातल्या अशा नाण्यांवर, म्हणजे कार्षापणांवर, असे पाच ठसे असतात. एक सूर्य, एक सहा आऱ्यांचं चक्र, आणि उरलेले तीन बदलते. हत्ती, बैल, कमानींचा डोंगर, कुंपणातलं झाड, कुठे मोर, कुठे कुत्रा. ठसे एकमेकांवर चढलेले असतात. एखादा तुकड्याबाहेर निसटलेला असतो, म्हणून एका नाण्यावर अर्धा राहिलेला ठसा दुसऱ्या नाण्यावर शोधावा लागतो. परमेश्वरीलाल गुप्ता आणि टेरी हार्डेकर यांनी पाच-पाच ठशांच्या या जुळण्या लावून त्यांना क्रमांक दिले. त्यांचं पुस्तक 1985 मध्ये निघालं, आणि आज नाणी विकणाराही त्या क्रमांकावरूनच बोलतो. याच गुप्तांनी 1980 मध्ये नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी इथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. मराठी संग्राहकाने एकदा तरी जाऊन यावं अशी ती जागा आहे.

कार्षापणाचं वजन 32 रत्तींचं. रत्ती म्हणजे आपली गुंज, लाल-काळी. वेलीवरची गुंज सगळीकडे सारखी भरत नाही, त्यामुळे हिशेब थोडा मागेपुढे होतो, पण चांगलं टिकलेलं नाणं साडेतीन ग्रॅमच्या आसपास बसतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टाकसाळीवरचा अधिकारी आहे, त्याचं नाव लक्षणाध्यक्ष. चांदीच्या पणात, म्हणजे कार्षापणात, सोळा भागांपैकी चार भाग तांबं आणि एक भाग लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन घालावं, असं प्रमाणही दिलं आहे. नाणं तपासणारा रूपदर्शक वेगळा. टाकसाळीचे आठ टक्के, वर पाच टक्के व्याजी, आणि पारखीचे शेकड्याला एक अष्टमांश, अशी आकारणी आहे. सरकारने पैसा पाडायचा आणि पाडण्याचेही पैसे घ्यायचे, ही युक्ती काही अलीकडची नाही.

पण मुळात नाणं ही कल्पना सुचली कुणाला? जगातली सर्वांत जुनी मानली जाणारी नाणी आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेला, लिडियात पाडली गेली. ती सोनं आणि चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूची होती. इफिससच्या आर्टेमिस देवीच्या मंदिराखाली 1904-05 मध्ये डेव्हिड हॉगार्थ यांना ती सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. काहींवर सिंहाचं तोंड आहे, तर काही नुसत्या गोळ्या. मिश्रधातूत सोनं किती हे डोळ्याला कळत नाही, म्हणून राज्याचा ठसा हवा. तो ठसा म्हणजे हमी. पुढे सहाव्या शतकात क्रीसस राजाने सोनं वेगळं, चांदी वेगळी अशी नाणी काढली, आणि इराणी सम्राटांनी लिडिया जिंकून ती पद्धत उचलली. तिकडे चीनमध्ये काशाच्या ओतीव कुदळी आणि सुऱ्या चलन म्हणून फिरत होत्या.

भारताने नाणं पश्चिमेकडून घेतलं की स्वतः काढलं, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. वादाचा मोठा पुरावा काबूलजवळ चमन हुजुरी इथे 1933 मध्ये सापडला. एकाच निधीत, म्हणजे एकत्र पुरलेल्या साठ्यात, ग्रीक शहरांची नाणी, इराणी चांदीची नाणी, आणि त्यांच्या जोडीला दोन्ही टोकांना चक्राकार ठसा असलेल्या स्थानिक वाकड्या चांदीच्या पट्ट्या. हा निधी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पुरला गेला असं मानतात. जो क्रिब यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की आहत नाण्यांची सुरुवात इथूनच, याच संपर्कातून झाली. दुसरा पक्ष म्हणतो की गंगेच्या खोऱ्यात ती त्याआधीपासून होती. माझं झुकतं माप असं: धातूच्या तुकड्यावर ठसा मारून त्याची हमी द्यायची, ही कल्पना व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आली असेलही, पण पत्रा कापून गुंजेने तोलणं आणि एकाच तुकड्यावर पाच वेगळे ठसे मारणं हे ग्रीकांकडे नाही आणि इराण्यांकडेही नाही. ते इथल्या सोनारांचं आणि सावकारांचं काम आहे.

सावकारांचं म्हणायला कारण आहे. आहत नाणं उलटलं की मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा दिसतात. कुठे एक, कुठे दहा-बारा, कुठे एकही नाही. या खुणांचं कोडं ज्या माणसाने हाती घेतलं तो इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात 1907 मध्ये जन्मलेले गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे. वडील धर्मानंद बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. तक्षशिलेला भीर टेकडीवर 1924 मध्ये एक निधी सापडला होता. त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची दोन आणि त्याच्या सावत्र भावाचं, फिलिपचं, एक नाणं, जवळजवळ कोरी करकरीत. म्हणजे निधी पुरला गेला तो अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत, इसवी सनापूर्वी 317 च्या आगेमागे. तीन ग्रीक नाण्यांनी हजार मुक्या नाण्यांना तारीख दिली. ती तीन कुणी बाजूला काढून विकली असती तर?

कोसंबींनी या नाण्यांची वजनं घेतली आणि मागच्या खुणांच्या संख्येप्रमाणे त्यांचे गट पाडले. जितक्या खुणा जास्त तितकं सरासरी वजन कमी, असं चित्र निघालं. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. ठरावीक काळाने कुणीतरी, बहुधा व्यापाऱ्यांची श्रेणी, ते तपासून मागे एक बारीक खूण करत असावी. ज्याच्यावर खुणा जास्त ते जास्त वर्षं चलनात राहिलेलं. ही झीज खरोखर नियमाने होते का, हे पाहायला कोसंबींनी आपल्या काळातली चालू नाणीही काट्यावर घातली. नवं नाणं टाकसाळीतून जवळजवळ नेमक्या वजनाचं निघतं. वर्षं जातात तसं सरासरी वजन उतरतं, आणि नाण्यानाण्यांतला फरक मात्र वाढत जातो, कारण एखादं रोज बाजारात जातं आणि एखादं कमरेच्या कशात पडून राहतं. ज्या नाण्यावर कुणाचं नाव नाही, साल नाही, त्याचा क्रम गणिताने लावता येतो हे एका मराठी माणसाने दाखवलं. त्या खुणा नक्की कुणी मारल्या यावर नंतर मतभेद झाले, पण निधी आख्खा तोलायचा ही शिस्त राहिली.

आणि म्हणूनच चिंच नको. आपल्याकडे जुनं नाणं मिळालं की घरातला पहिला उद्योग म्हणजे चिंच, राख किंवा लिंबू लावून ते लखलखीत करणं. तांब्यावरची हिरवट-काळी साय म्हणजे मळ नव्हे. ती धातूनेच शेकडो वर्षांत धरलेली कातडी आहे, आणि बारीक अक्षरं पुष्कळदा त्या सायीतच टिकून असतात. ती घासली की अक्षर जातं, वजन उतरतं, आणि जाणकार संग्राहकाच्या लेखी किंमतही जाते. पिठासारखी फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो मात्र खरा रोग. ते नाणं कोरडं, इतरांपासून वेगळं ठेवायचं आणि माहितगाराला दाखवायचं.

मौर्यांनंतर आपल्या बाजूला सातवाहन आले, आणि नाण्यावर नाव आलं. सातवाहनांनी शिसं भरपूर वापरलं. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की भारताकडे स्वतःचं शिसं नाही, ते मोती आणि रत्नं देऊन घेतलं जातं. विदर्भात मात्र सातवाहनांची नाणी मुख्यतः पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि भोवती राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आताच्या वाशीमच्या मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळा इथे अशा दीड हजाराहून अधिक नाण्यांचा निधी सापडला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांतल्या राजवंशाच्या याद्यांत नाहीत. सुटं एक नाणं कुणी आणून दिलं असतं तर वाचणाऱ्याने स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेतला असता. एकाच निधीत ओळखीच्या गौतमीपुत्र आणि पुळुमावीच्या नाण्यांबरोबर ती होती, म्हणून या राजांना वंशात जागा मिळाली.

नाशिककडचा जोगळटेंभीचा निधी तर याहून बोलका. दारणा आणि गोदावरीच्या संगमावरचं हे गाव सिन्नर तालुक्यात आहे. 1906 मध्ये तिथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. रेव्हरंड स्कॉट यांनी ती अभ्यासली. नहपानाच्या नाण्यावर त्याचा चेहरा असतो आणि लेख तीन लिप्यांत, ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरणा, कुठे गालफडं बसलेला म्हातारा, आणि कारागिरांना ग्रीक अक्षरं कळत नव्हती हे ती गिरवलेली अक्षरं पाहूनच समजतं. पण खरी बातमी पुढे आहे. यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. असं एखादं नाणं भिंगाखाली धरा. तीन कमानींचा डोंगर बरोबर नहपानाच्या गालावर बसलेला असतो, खाली नदीची नागमोडी रेघ, कडेला सिरि सातकणिस अशी अक्षरं, आणि त्या सगळ्याच्या खालून शत्रूचं नाक किंवा केसांची एखादी बट अजून डोकावत असते. चांदी वितळवण्याचाही खर्च केला नाही. जिंकलेला खजिना तसाच टाकसाळीत घातला, घाव घातला आणि बाजारात सोडला.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात आपल्या मुलाने खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निःशेष केला असं म्हटलं आहे. राजमातेची फुशारकी म्हणून ते सोडून देता आलं असतं, पण नऊ हजार नाणी साक्षीला उभी राहिली. त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, आणि तो जमाखर्चासारखा वाचावा. भिक्खूंसाठी 3,000 कार्षापण ठेवले. त्यांतले 2,000 विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून चीवरं घ्यायची. पुढे 70,000 कार्षापणांचा हिशेब 35 ला एक सुवर्ण या दराने 2,000 सुवर्ण असा मांडला आहे. कार्षापण नुसता कनवटीला लावायचा तुकडा नव्हता, तो ठेव ठेवता येत होता आणि सोन्यात मोजता येत होता, हे त्यावरून कळतं. बँकेतली मुदत ठेव आपल्याला नवी वाटते एवढंच.

सातवाहनांनंतर विदर्भाच्या नाण्यांत एक विचित्र पोकळी आहे. वाकाटकांनी इथे दोनशे वर्षं राज्य केलं, अजिंठ्याची उत्तम लेणी त्यांच्या काळातली, ताम्रपटही ढीगभर. नाणी मात्र शोधावी लागतात. काही तांब्याची नाणी अजय मित्र शास्त्री यांनी वाकाटकांची म्हणून दाखवली, पण एवढ्या मोठ्या घराण्याच्या मानाने ती अगदीच थोडी. राजा गावं दान देत होता, शेतसारा धान्यात येत होता, आणि रोजच्या सौद्याला कवडी पुरत होती. इसवी सन 400 च्या सुमारास आलेला चिनी भिक्खू फाहियान उत्तरेत कवड्यांनीच खरेदी-विक्री होते असं नोंदवतो. मालदीवच्या समुद्रातली ही कवडी ओडिशात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, आणि इंग्रजांनी ती बंद केली हे 1817 च्या पाईक उठावाचं एक कारण झालं.

सालेकशाहून पूर्वेला सीमा ओलांडली की डोंगरगड, म्हणजे जुना दक्षिण कोसल. तिकडे पाचव्या-सहाव्या शतकात एक वेगळाच प्रकार दिसतो. शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची सोन्याची नाणी कागदासारख्या पातळ पत्र्याची, सव्वा ग्रॅमच्या आसपास वजनाची. चित्र एकाच बाजूला, मागून ठोकून वर उठवलेलं, जसं सोनार पदक उठवतो. मधे पंख पसरलेला गरुड, दोन्ही बाजूंना शंख आणि चक्र, खाली राजाचं नाव. अक्षरांच्या डोक्यावर बारीक चौकोनी पेट्या आहेत, आणि तीच पेटीवाली अक्षरं वाकाटकांच्या ताम्रपटांवरही आहेत. बस्तरच्या नळ राजांनीही याच पद्धतीची नाणी काढली. कोंडागाव भागातल्या एडेंगा इथे 1939 मध्ये त्यांची सोन्याची नाणी मिळाली, आणि तीही मिराशींनीच वाचली. याच नळांपैकी भवदत्तवर्मा वाकाटकांच्या मुलखात शिरला होता. त्याचा ताम्रपट थेट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडला. अशी नाणी हातात आली तर ती सोनाराकडे जाण्याचा धोका सर्वांत मोठा, कारण पातळ पत्रा पाहून कुणालाही ते मोडलेल्या दागिन्याचं पान वाटेल.

धोका दोन्हीकडून आहे. विदर्भात गुप्तधनाच्या नावाखाली किती घरं खणली गेली आणि पितळेची नाणी सोन्याची म्हणून किती जणांच्या गळ्यात मारली गेली, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. बनावट ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या जोडाची रेघ असते, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत लागतात, आणि दहा नाणी तोलली तर दहाही एकाच वजनाची भरतात किंवा सगळीच हलकी.

शेत नांगरताना, घराचा पाया खणताना काही निघालं तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय मिळालं, अंदाजे किंमत काय, कुठे मिळालं आणि कधी, एवढं त्यात लिहायचं. कुणी मूळ मालक पुढे आला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश असा वाटा कायद्यात आहे. सरकारने निधी ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे. ती रक्कम आजच्या लिलावाच्या भावापुढे अगदीच तुटपुंजी, आणि लोक निधी का लपवतात याचं मोठं कारण तेच, असं मला वाटतं. याशिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ते परदेशी नेता येत नाही.

पण म्हणून संग्राहकाला वाट बंद नाही. नागपुरात 1863 पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात. तिथे नाणी पाहून नजर तयार करता येते, आणि नाणी-प्रदर्शनांत परवानाधारक विक्रेत्याकडून पावती घेऊन साधी सातवाहन नाणी विकतही घेता येतात. घेतल्यावर प्रत्येक नाण्याची चिठ्ठी करावी. वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचं वर्णन, कुणाकडून आणि कधी घेतलं, आणि विकणाऱ्याला माहीत असेल तर ते कोणत्या गावचं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो. पण शेतात निघालेली नाणी कुणी दाखवायला आणली तर आधी त्याच रकान्यापासून सुरुवात करावी. कुठल्या बांधाजवळ, किती खोल, मडक्यात होती की सुटी, सोबत खापरं किंवा मणी होते का, आणि सगळी इथे आहेत की काही वाटली गेली. नाणी धुतलेली नसतील तर मातीसकट फोटो काढून घ्यावा.